कापसाचे प्रजासत्ताक

(हिंगणघाट येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

अमेरिकी प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास हा आजच्या वर्गाचा विषय आहे. वर्धा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी तो का अभ्यासावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि तो रास्त आहे. आपल्यापुढे कापसाच्या भावाचा प्रश्न आहे, कर्जाचा आहे, वेचणीच्या मजुरीचा आहे. वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन ही नावे शाळेच्या पुस्तकात वाचून आपण सोडून दिलेली आहेत. परंतु ज्या पिकाने त्या प्रजासत्ताकाचे अर्थकारण घडवले, आणि ज्याच्यापायी अखेर त्याचे दोन तुकडे होण्याची वेळ आली, तेच पीक आपल्या काळ्या जमिनीत उभे आहे. त्या देशात १८६१ साली युद्ध पेटले नसते, तर हिंगणघाटच्या बाजाराचा इतिहास वेगळा झाला असता. दोन्ही टोकांना बांधणारा धागा कापसाचा आहे, आणि तो उलगडल्यावाचून आपल्या आजच्या प्रश्नांची मुळे हाती लागत नाहीत.

दुसरेही एक कारण आहे. अमेरिका समृद्ध झाली ती खुल्या व्यापाराच्या आणि सरकारी हस्तक्षेपाच्या अभावाच्या बळावर, असे आपल्याला वारंवार सांगितले जाते. हमीभावाची मागणी केली की हाच दाखला पुढे येतो. हा दाखला इतिहासाला धरून आहे की नाही, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

प्रारंभ कर्जापासून करू. कारण ते प्रजासत्ताकही कर्जाच्याच प्रश्नाने प्रथम हादरले. १७७६ साली स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि १७८३ साली इंग्लंडशी तह झाला. युद्धात लढलेले शेतकरी गावी परतले ते हातात रोख वेतनाऐवजी सरकारी रोखे घेऊन. पोटाची गरज भागवण्यासाठी पुष्कळांनी ते रोखे पडेल किमतीला व्यापाऱ्यांना विकले. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्स राज्याने कर वाढवले, आणि ते नाण्यांत भरावेत असा आग्रह धरला. नाणे शेतकऱ्याजवळ नव्हते. सावकार न्यायालयात गेले, हुकूमनामे झाले, जनावरे आणि जमिनी लिलावात निघाल्या. १७८६ च्या शरद ऋतूत पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांनी शस्त्रे हाती घेऊन न्यायालयांना वेढा दिला आणि त्यांचे कामकाज बंद पाडले. डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धातला माजी कप्तान त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी करून उभारलेल्या सैन्याने हे बंड १७८७ च्या आरंभी मोडून काढले.

हा प्रसंग ऐकताना १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, त्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन्हीकडे शेतकऱ्याला कागदाचा राग होता. कारण ज्या कागदाने त्याची जमीन जाते तो कागद त्याने लिहिलेला नसतो. सुप्याच्या दंग्यानंतर परक्या सरकारनेसुद्धा १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. शेजच्या बंडाने मात्र वेगळीच प्रतिक्रिया उमटली. मालमत्ताधारक वर्ग धास्तावला, आणि राज्यांच्या लहरीवर न चालणारे बळकट केंद्र सरकार हवे या मताला जोर आला. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला राज्यघटना तयार झाली ती या पार्श्वभूमीवर. तिने राज्यांना कागदी चलन काढण्यास आणि कराराची बंधने शिथिल करण्यास मनाई केली. ऋणकोचे ओझे हलके करण्याचे दोन मार्ग असे घटनेनेच बंद केले. पुढे १७९० साली अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी जुने रोखे दर्शनी किमतीने फेडण्याची व्यवस्था केली. तोवर त्यांतले बरेचसे सट्टेबाजांच्या हाती गेलेले होते. ज्याने रक्त सांडले त्याला कवडी मिळाली आणि ज्याने रोखा दाबून ठेवला त्याला रुपया.

त्या घटनेची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. राजा नाही, वंशपरंपरेचे सरदार नाहीत, राज्यधर्म नाही, ठराविक मुदतीने निवडणूक आहे. अठराव्या शतकाच्या जगात हे धाडसच होते. पण त्याच घटनेने गुलामगिरीशी तडजोड केली. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येत नाही, मात्र त्याची व्यवस्था तीन ठिकाणी केलेली आहे. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांच्या संख्येतले पाचापैकी तीन हिस्से मोजावेत. गुलामांच्या आयातीला १८०८ पूर्वी बंदी करता येऊ नये. पळालेला गुलाम मालकाला परत करावा. ज्याला मत नाही त्याच्या डोक्यागणिक त्याच्या मालकाच्या राज्याला जादा प्रतिनिधित्व, असा हा हिशेब होता. प्रजासत्ताकाच्या पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षे राष्ट्राध्यक्षपद व्हर्जिनिया राज्यातील गुलाममालकांकडे राहिले, याचा उलगडा बऱ्याच अंशी या हिशेबात सापडतो.

तरीही १७९० च्या सुमारास गुलामगिरी हळूहळू आपोआप नाहीशी होईल, असे पुष्कळांना वाटत होते. तंबाखूची जमीन कस गमावत होती, उत्तरेची राज्ये एकेक करून गुलामगिरी बंद करत होती. त्या वर्षीच्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली आणि तीत जवळजवळ ७ लाख गुलाम होते. १८६० साली हीच गुलामांची संख्या ३९ लाखांच्या पुढे गेलेली दिसते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर उभ्या राहिलेल्या देशात सत्तर वर्षांत गुलाम पाचपटीहून अधिक झाले. हे कशाने घडले? याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर कापसाने.

इंग्लंडमध्ये सूतगिरण्या वाढत होत्या आणि त्यांना रुई हवी होती. अमेरिकेच्या अंतर्भागात आखूड धाग्याची कपाशी चांगली येई, पण तिची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. आपल्याकडे बायका रेच्यावर सरकी काढत; तिकडच्या कपाशीला ती युक्ती नीट लागू पडेना. १७९३ साली एली व्हिटनी याने दातेरी यंत्र तयार केले आणि एका माणसाचे काम पन्नासपट वाढले. यंत्राने श्रम वाचतात, म्हणून माणूस मोकळा होतो, असे पुस्तकात म्हणतात. येथे उलट झाले. सरकी काढण्याचे श्रम वाचले, त्यामुळे कापूस पेरणे फायद्याचे झाले, आणि लावणी, निंदणी, वेचणी यांसाठी अधिकाधिक माणसे साखळदंडात आली. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि श्रमाचे नाते कोणते आहे, हे पाहिल्याशिवाय यंत्राचे गुणगान करू नये, हा धडा तेथे मिळतो.

कापसाला जमीन हवी होती. १८०३ साली जेफरसन यांनी नेपोलियनकडून लुईझियानाचा प्रचंड प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला. देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. पण ज्या जमिनीचा सौदा पॅरिसला झाला तिच्यावर आदिवासी समाज पिढ्यान्पिढ्या राहत होते, आणि त्यांना कोणी विचारले नाही. दक्षिणेतल्या चेरोकी समाजाने तर शेती केली, आपली लिपी तयार केली, लिखित घटनाही स्वीकारली. त्याचा उपयोग झाला नाही. १८३० साली आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला, आणि १८३८-३९ च्या हिवाळ्यात सुमारे सोळा हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात चालवत नेले. त्यांपैकी चार हजारांच्या आसपास माणसे मेली. मोकळ्या झालेल्या जमिनीवर कपाशी उभी राहिली. तेथे राबण्यासाठी जुन्या राज्यांतून नव्या राज्यांत १८६० पर्यंत सुमारे दहा लाख गुलाम हलवले गेले. त्यांतले पुष्कळ बाजारात विकून, नवऱ्यापासून बायको आणि आईपासून मूल तोडून.

आणि या साऱ्याला पैसा कोठून आला? गुलाम तारण ठेवता येई. मळेवाले त्यांच्यावर कर्ज काढत, त्या कर्जावर पेढ्या रोखे काढत आणि ते रोखे लंडनमध्ये विकले जात. लिव्हरपूलला कापसाचा भाव पडला की ही उतरंड कोसळे. १८१९ साली ती कोसळली, १८३७ साली पुन्हा कोसळली. दुसऱ्या वेळी मिसिसिपी राज्याने आपले रोखे फेडण्यास सरळ नकार दिला. म्हणजे सार्वभौम राज्याला आपले कर्ज बुडवता आले. परंतु वेचणी करणाऱ्याची विक्री मात्र थांबली नाही, उलट मालकाचे कर्ज भागवण्यासाठी तोच लिलावात उभा राहिला.

आता खुल्या व्यापाराच्या दाखल्याकडे वळू. येथे आपल्या देशाचा संबंध प्रत्यक्ष येतो. १७९४ च्या करारानंतर अमेरिकी जहाजे हिंदुस्थानच्या बंदरांत उघडपणे व्यापार करू लागली. आपल्या विणकरांचे जाडेभरडे स्वस्त कापड तिकडे मोठ्या प्रमाणावर खपत असे. मॅसॅच्युसेट्समध्ये नव्या गिरण्या निघाल्या तेव्हा त्यांना या कापडाशी स्पर्धा झेपेना. म्हणून १८१६ च्या जकात कायद्यात एक युक्ती योजली गेली. सुती कापडावर शेकडा २५ जकात ठेवली, आणि वाराला २५ सेंटांहून स्वस्त असलेल्या प्रत्येक कापडाची किंमत २५ सेंटच धरावी, असे कलम घातले. म्हणजे वारामागे किमान सव्वासहा सेंट जकात. जे कापड सहा सेंट वाराने येत असे त्यावर जकात मुद्दलाहून जास्त झाली. हिंदुस्थानी कापडाचा अमेरिकेतील बाजार यामुळे बुडाला. हॅमिल्टन यांनी १७९१ च्या आपल्या अहवालात उद्योगांना संरक्षण देण्याचा जो पुरस्कार केला होता, त्याचीच ही अंमलबजावणी होती.

याच मापाने आपल्याकडचे पाहा. १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि शतक संपण्याच्या आत हिंगणघाटला व पुलगावलाही गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांना परकीय सरकारने संरक्षण दिले नाही. उलट १८९६ साली देशी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन अबकारी कर बसवला. हेतू हा की लँकेशायरच्या मालाला येथे तोशीस लागू नये. तो कर उठायला १९२६ साल उजाडले. प्रजासत्ताक स्वतःच्या उद्योगाभोवती कुंपण घालू शकले, वसाहतीला ते घालता आले नाही. अमेरिकेची समृद्धी सरकारी हस्तक्षेपावाचून झाली, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे. जमीन सरकारने मिळवून दिली, गुलामांवरची मालकी कायद्याने राखली, आणि बाजाराला जकातीचे कुंपणही सरकारनेच घातले.

पण संरक्षण मिळाले म्हणून ते कामगाराला मिळाले, असे नव्हे. लॉवेल या गिरणगावात शेतकऱ्यांच्या मुली कामाला येत. त्यांना शिस्तीच्या वसतिगृहांत ठेवले जाई, आणि दिवसाला बारा-तेरा तास काम घेतले जाई. १८३४ साली मजुरी कापली तेव्हा त्या मुली गिरणीबाहेर पडल्या; १८३६ साली वसतिगृहाचे दर वाढले तेव्हा पुन्हा पडल्या. १८४० नंतरच्या दशकात त्यांनी दहा तासांच्या दिवसासाठी अर्जांवर सह्या गोळा केल्या. मताचा अधिकार नसलेल्या बायकांनी विधिमंडळासमोर आपली गाऱ्हाणी मांडली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुरुष कामगारांनी १८२८ साली फिलाडेल्फियात आणि १८२९ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे पक्ष काढले. मोफत शाळा आणि कर्जासाठी होणारी कैद बंद करणे या त्यांच्या मागण्या होत्या. ते पक्ष फार टिकले नाहीत, परंतु मागण्या टिकल्या आणि पुढे मान्यही झाल्या. अपुरे असले तरी प्रजासत्ताक हे गरिबाच्या हातातले साधन होऊ शकते, याची साक्ष या माणसांनी दिली आहे.

मग एक मर्मभेदी प्रश्न उरतो. दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांपैकी जेमतेम एकचतुर्थांश कुटुंबांकडे गुलाम होते. उरलेले तीनचतुर्थांश लहान शेतकरी होते, मोठ्या मळ्यांच्या सावलीत खुरटलेले. त्यांनी मळेवाल्यांची साथ का दिली? याचे उत्तर मताधिकाराच्या इतिहासात दिसते. १८२०-३० च्या दशकांत गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट एकेका राज्याने काढून टाकली, आणि ती लोकशाहीची मोठी झेप म्हणून नावाजली गेली. त्याच काळात न्यूयॉर्कने १८२१ साली स्वतंत्र कृष्णवर्णीयांसाठी मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली, आणि पेनसिल्व्हेनियाने १८३८ साली त्यांचा मताधिकारच काढून घेतला. न्यूजर्सीत मालमत्ताधारक स्त्रियांना असलेले मत १८०७ सालीच गेले होते. गरीब गोऱ्याला जमीन मिळाली नाही, पण आपण कोणाच्या तरी वर आहोत, हे समाधान कायद्याने मिळाले. त्या समाधानाच्या मोबदल्यात त्याने मळेवाल्याचे राज्य मान्य केले.

साथींनो, हे वाक्य आपल्या गावाला लावून पाहा. तीन एकरांचा कोरडवाहू कास्तकार आणि भूमिहीन दलित शेतमजूर यांच्या उत्पन्नात किती अंतर आहे? फारसे नाही. मनातले अंतर मात्र गावकुसाएवढे जुने आहे. आपल्या कापूस-आंदोलनांत भावाची घोषणा जितक्या जोराने दिली जाते, तितक्या जोराने वेचणीच्या किलोमागे मजुरी किती, ही दिली जाते काय? वेचणारी तर बहुतेक बाई असते. तिला वगळून उभी राहिलेली शेतकऱ्यांची एकजूट ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या गोऱ्यांच्या एकजुटीची भावंड ठरेल. आधी कास्तकाराचा भाव, मग मजुराची मजुरी, हा क्रम दिसायला सोयीचा असला तरी इतिहासाने त्याला कधी साथ दिलेली नाही.

तो धागा आपल्या जिल्ह्यात कसा पोहोचला, ते आता थोडक्यात सांगतो. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीनचतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून जात होता. एकाच देशावर इतके विसंबणे धोक्याचे, हे इंग्रज व्यापाऱ्यांना पूर्वीच उमगले होते. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने दहा अमेरिकी मळेवाले येथे आणून शेती शिकवण्याचा प्रयोग केला. धारवाडचा अपवाद सोडला तर तो फसला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. कापसाचा उत्तम पट्टा असा त्यांच्या ताब्यात आला. १८६१ साली अमेरिकेत युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली, आणि कापसाचे भाव चौपटीच्या घरात गेले. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६२ साली, याच धामधुमीत.

वणेकाठच्या हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस तेव्हा देशी कापसात अव्वल गणला जाई. तेजीच्या दिवसांत तो बैलगाड्यांनी दूरवर गेला, कारण आगगाडी अजून आलेली नव्हती. लोहमार्ग नागपूरला पोहोचला १८६७ साली. तोवर अमेरिकेतले युद्ध संपून दोन वर्षे झाली होती, भाव उतरले होते आणि मुंबईची सट्टेबाजी १८६५ सालीच कोसळली होती. आगगाडी आली ती मंदीच्या हंगामात, आणि तिने लिव्हरपूलचा भाव कायमचा आपल्या बाजारात आणून सोडला. याच सुमारास मध्य प्रांताच्या जमीन-बंदोबस्तात मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. जमीन गहाण पडू शकणारी, विकली जाऊ शकणारी वस्तू झाली. सावकाराला तारण मिळाले, कास्तकाराला रोख पीक घेणे भाग पडले. मालगुजारी गेली ती १९५१ साली. बनीचा लांब धागा पिकवणाऱ्याला त्या मानाने जास्त भाव मिळेना, तेव्हा आखूड धाग्याच्या पण अधिक रुई देणाऱ्या जाती पसरल्या आणि हिंगणघाटच्या नावाची प्रतिष्ठा ओसरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या निर्यात-संपन्न प्रांतातली माणसे अन्नावाचून मेली.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली. मुक्त झालेल्यांना जमीन देण्याचा हुकूम त्याच वर्षी एका सेनापतीने काढला आणि त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षाने तो फिरवला. जमीन न मिळालेला मुक्त माणूस बटाईने जुन्याच मळ्यावर परतला आणि पुढच्या पिकावर दुकानदाराकडून उधारी घेऊन नव्या बंधनात अडकला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत केवळ कौतुक नव्हते. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही हाक होती. ज्या टॉमस पेनचे लेखन फुल्यांनी तरुणपणी वाचले, त्यानेच १७९७ साली वारसाहक्काच्या मालमत्तेवर कर बसवून प्रत्येक तरुणाला भांडवल आणि प्रत्येक वृद्धाला वार्षिक वेतन द्यावे, अशी योजना मांडली होती. ती योजना त्या प्रजासत्ताकाने मनावर घेतली नाही. मताला जमिनीची आणि भांडवलाची जोड हवी, हा तिचा गाभा होता. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत हाच इशारा आपल्याला दिला: राजकारणात समता आणि समाजजीवनात व अर्थव्यवहारात विषमता, ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल.

डॉ. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकले, तेथेच त्याच सेलिग्मन यांच्याकडे शिकलेले जे. सी. कुमारप्पा १९३४ नंतर आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करत होते. कच्चा माल बाहेर जातो आणि त्यावरचा नफाही बाहेर जातो, म्हणून रुईचे सूत आणि सुताचे कापड गावातच व्हावे, हा त्या प्रयोगाचा अर्थ होता. त्याच्या मर्यादा होत्या. चरख्याची मजुरी गिरणीशी टक्कर देऊ शकत नव्हती, आणि गावातली जातीची उतरंड केवळ उद्योगाने मोडत नव्हती. पण प्रश्न अचूक होता.

स्वातंत्र्यानंतर दुसरा प्रयोग झाला तो कापूस एकाधिकार खरेदीचा. १९७१ चा कायदा, १९७२-७३ पासून अंमल. तीत दिरंगाई झाली, प्रतवारीत लबाड्या झाल्या, चुकारे रखडले, तोटा साचला. हे आपणच सांगितले पाहिजे. तरीही अडत्याच्या काट्यापलीकडे भाव ठरवण्याची दुसरी जागा असू शकते, हे या योजनेने दाखवले. २००२ मध्ये एकाधिकार संपला. त्याच वर्षी बीटी बियाण्याला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत देशी जाती शेतातून जवळजवळ हद्दपार झाल्या; आज आपल्या शिवारात आहे ती पऱ्हाटी मूळ अमेरिकी कुळाची, आणि बियाणे दरसाल विकत घ्यावे लागणारे. २००६ साली पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. त्या सहांत वर्धा होता. कारण काय, ते तुम्हांला सांगायला नको. तुम्ही त्या घरांत जाऊन आलेले आहात.

आणि अमेरिका? तिने आपल्या कापूस-उत्पादकांना अनुदान देणे सोडले नाही. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली, निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, आणि अखेर २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तडजोड केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने बऱ्याचशा भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांपर्यंत नेला. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सूट वर्षअखेरीपर्यंत, म्हणजे वेचणीच्या ऐन हंगामापर्यंत चालवली. १८१६ चा तो कायदा करणाऱ्यांना या व्यवहाराचा अर्थ लगेच कळला असता.

तेव्हा या इतिहासातून कामाला लावण्याजोगे काय घ्यायचे? भाव हा पावसासारखा आकाशातून पडत नाही. जकात, चलन, पतपुरवठा, जमिनीचा कायदा यांतून तो घडवला जातो. म्हणून गावच्या सभेत केवळ ‘भाव द्या’ असे न म्हणता भाव कोठे आणि कोणत्या निर्णयाने पडला, हे प्रत्येक वेळी आकड्यांनिशी समजावून सांगितले पाहिजे. दुसरे म्हणजे, कास्तकार, वेचणीची मजूर बाई आणि जिनिंग-प्रेसिंगचा कामगार यांची मागणीपत्रे वेगवेगळी लिहिण्याची सवय मोडली पाहिजे. हमीभाव ठरवताना मजुरीचा दर त्यातच धरला जावा, असा आग्रह आपण धरू. आणि घटना अपुरी वाटते म्हणून तिच्याकडे पाठ फिरवू नये. लॉवेलच्या मुलींना मतही नव्हते, तरी त्यांनी सह्या गोळा केल्या. आपल्याजवळ मत आहे, संघटनेचे स्वातंत्र्य आहे, ग्रामसभा आहे.

येत्या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या गावात कापसाच्या एका क्विंटलचा हिशेब मांडावा: बियाण्याला किती गेले, खता-फवारणीला किती, वेचणीला किती, व्याजाला किती, आणि हातात किती उरले. तो हिशेब कास्तकार आणि मजूर यांच्यासमोर एकाच बैठकीत, एकाच फळ्यावर लिहावा. पुढचा अभ्यासवर्ग त्या हिशेबांवर घेऊ.